तपशीलवार बिल

पॉलिसीच्या सदतिसाव्या पानावर, बारीक टायपात,
लिहिलंय की आंघोळ हा उपचार नाही.
भरवणं, दात घासून देणं, कपडे घालणं,
शी-शूला नेणं, हेही नाही.
हे सगळं म्हणे 'देखभाल',
आणि देखभाल काय, घरचे करतातच.

घरचे म्हणजे मी.
आणि सकाळी आठ ते एक मंदाताई लोंढे,
ज्या जनता वसाहतीतून दोन बस बदलून धायरीला येतात,
चपला दाराबाहेर काढतात, बांगड्या दाराच्या आत,
कारण बांगड्या वाजल्या की तो कान झाकतो.

त्याचं नाव आम्ही ठेवलं निमिष.
दात घासायला त्याला चाळीस मिनिटं लागतात.
हसा. आम्हीही हसतो, जमेल त्या दिवशी.

वाकडेवाडीच्या ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर,
एका सज्जन माणसाने मला आधी पाणी दिलं, मग फॉर्म.
'दाखल झाल्याची तारीख.'
त्याची जन्मतारीख लिहिली.
'डिस्चार्जची तारीख.'
पेनाला टोपण लावलं.
मॅडम, किमान चोवीस तास ॲडमिट लागतं, तो म्हणाला.
आमच्याकडे चोवीस तासच असतात हो, मी म्हटलं,
कधीकधी जास्त.
तो हसला नाही. वाईट माणूस नव्हता.
घरी येणाऱ्या बाईंचं तपशीलवार बिल जोडा, म्हणाला,
देत काही नाहीत, पण फाइल पूर्ण दिसते.

मंदाताईंकडे शिक्का कुठला.
चित्रकलेच्या वहीतलं पान फाडून त्यांनी लिहिलं:
शर्टाची मानेमागची चिठ्ठी उसवली.
भात दिला, पांढरा. वरण वेगळ्या वाटीत, नुसतं दाखवायला.
मिक्सर लावायच्या आधी सांगितलं. तीनदा.
पाणी खांद्यापर्यंत घेतलं. डोक्यावर नाही.
नखं, डावा हात. उजवा उद्या.

मी ते स्कॅन करून पाठवलं. मग हेल्पलाइन.
फोन स्पीकरवर, माझे हात कणकेत, निमिष ओट्याखाली,
आणि ती बाई, आवाजात मध घालून,
'कृपया प्रतीक्षा करा.
आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.'
सतार. पुन्हा ती. पुन्हा सतार.
तीन आठवडे, रोज.
उत्तर आलं एका ओळीचं, कलमाच्या नंबरासकट.
ती ओळ इथे लिहीत नाही. पाठ आहे.

उजव्या हाताचं 'उद्या' उजाडायलाही तेवढेच दिवस लागले.
गुरुवार होता, नळाला पाणी नव्हतं.
मंदाताई फडक्यात गुंडाळलेला नेलकटर घेऊन बसल्या,
मी दारात, टॉवेल तयार ठेवून.
पाच वर्षं जो या घडीला किंचाळला, चावला, पळाला,
त्याने हात पाठीमागे घेतला
आणि भिंतीकडे बघत,
त्या बाईच्याच आवाजात, मधासकट,
म्हणाला, 'कृपया प्रतीक्षा करा.'

स्पीच थेरपिस्ट याला काय म्हणायचं ते म्हणोत.
मंदाताईंनी नेलकटर मांडीवर ठेवला.
खाली टँकर आला. कुणीतरी पाइप ओढला,
वॉचमन कुणावर तरी ओरडला.
आम्ही दोघी फोन धरून राहावं तशा
श्वास धरून राहिलो.
मग पाठीमागून एक बोट पुढे आलं.
करंगळी. फक्त करंगळी.

त्या दिवसाच्या बिलात चार ओळी आहेत.
शेवटची अशी:
थांबले. वीस मिनिटं.

रकमेच्या जागी काहीच नाही.
विचारलं तर चपला घालता घालता म्हणाल्या,
याचे काय लावायचे असतात
ते तुम्हीच बघा ताई, तुम्ही शिकलेल्या.

अजून बघतेय.